दर एकादशीला ठरलेल्या वेळी लाइव्ह अडकतं : दुखणं नेमकं कुठे आहे ते कसं शोधायचं

तक्रार नेहमी एकाच शब्दात येते: "अडकतंय." रामकुंडावरची संध्याकाळची आरती असो, श्रावणी सोमवारचं त्र्यंबकेश्वर असो, सप्तशृंगगडावरचा चैत्रोत्सव असो की मे महिन्यात गोदाघाटावर रंगणारी वसंत व्याख्यानमाला असो. एरवी शंभर-दोनशे लोक बघतात तेव्हा सगळं सुरळीत चालतं. गर्दीच्या दिवशी मात्र कार्यक्रम रंगात येतो न येतो तोच गोल चक्र फिरायला लागतं. दुसऱ्या दिवशी बैठक बसते, सर्व्हर मोठा घ्यायचं ठरतं, पैसे जातात आणि पुढच्या एकादशीला पुन्हा तेच.

नाशिकमध्ये मंदिरं, मंडळं आणि संस्थांसाठी थेट प्रक्षेपण करणाऱ्या आपल्यासारख्या छोट्या गटांना हा अनुभव नवा नाही. "अडकतंय" या एका शब्दाखाली किमान पाच वेगवेगळी दुखणी लपलेली असतात आणि मोठा सर्व्हर त्यातल्या जेमतेम एकावर लागू पडतो. म्हणून खर्च करण्याआधी दोन गोष्टी लिहून काढा: कोणाचं अडकलं आणि कितव्या मिनिटाला अडकलं. तक्रारींचे व्हॉट्सअॅप मेसेज पुसू नका. प्रत्येक मेसेजवर वेळ असते, आणि पाठवणारा कुठे आहे, कोणत्या कंपनीचं इंटरनेट वापरतो हे विचारून घेता येतं. सर्व्हरच्या आलेखापेक्षा हे मेसेज मला जास्त वेळा कामाला आले आहेत.

सगळ्यांचं एकाच क्षणी थांबलं

सिडकोतल्या आजींचं आणि न्यू जर्सीतल्या नातवाचं चित्र एकाच सेकंदाला गोठलं असेल, तर सर्व्हरकडे बघूच नका. बिघाड सर्व्हरच्या अलीकडे आहे: कॅमेरा, एन्कोडर (कॅमेऱ्याचं चित्र लहान करून इंटरनेटवर पाठवणारं यंत्र) किंवा घाटावरून वर जाणारी लाइन.

घाटावर गर्दीच्या दिवशी काय होतं बघा. दुपारी चाचणी घेता तेव्हा मोबाइल राउटरवर अपलोड झकास मिळतो. संध्याकाळी त्याच टॉवरच्या पट्ट्यात हजारो फोन येतात, प्रत्येक जण व्हिडिओ काढून घरी पाठवत असतो, आणि अपलोडच्या वाटेवर सगळ्यात जास्त ताण नेमका आरतीच्या वेळीच येतो. दुपारची चाचणी म्हणूनच काही सिद्ध करत नाही. आधीच्या एखाद्या गर्दीच्या संध्याकाळी, त्याच जागी, सलग अर्धा तास अपलोड मोजा. सरासरी आकडा बघू नका, सगळ्यात खाली किती गेला ते बघा.

मुख्य वाट फायबरचीच हवी, मोबाइल फक्त आधाराला. दोन फायबर घेणार असाल तर दोन्ही एकाच चरातून येत नाहीत ना, हे स्वतः चालत जाऊन बघा. कंपन्या दोन, पण केबल एकाच खांबावरून आलेली, हे आपल्याकडे सर्रास दिसतं. रस्ता खोदणाऱ्या जेसीबीला दोन्ही एकदमच सापडतात. एक लाइन पंचवटीच्या बाजूने आणि दुसरी नदीपलीकडून, रविवार कारंजाच्या बाजूने मिळाली तर उत्तम.

प्रोटोकॉलचाही, म्हणजे एन्कोडरकडून सर्व्हरकडे व्हिडिओ कोणत्या पद्धतीने जातो त्याचाही, विचार करा. आरटीएमपी हा टीसीपीवर चालतो, म्हणजे प्रत्येक पॅकेट (डेटाचा छोटा गठ्ठा) क्रमानेच पोचलं पाहिजे. एखादं पॅकेट हरवलं की ते परत येईपर्यंत मागचं सगळं तुंबतं आणि शेवटी एन्कोडर फ्रेम टाकून द्यायला लागतो. एसआरटी हा दुसरा प्रोटोकॉल यूडीपीवर चालतो, तिथे अशी सक्ती नसते, आणि तो ठरवून दिलेल्या मुदतीत हरवलेलं पॅकेट पुन्हा मागवतो. त्याची मूळ मुदत १२० मिलिसेकंद असते. चांगल्या लाइनवर ती पुरते, गर्दीतल्या मोबाइल नेटवर्कवर पुरत नाही. प्रेक्षक तसाही वीसेक सेकंद मागे असतो, मग एसआरटीला दोन सेकंद द्यायला हात आखडता घेण्याचं काही कारण नाही.

एन्कोडरमधली आणखी एक सेटिंग हमखास राहून जाते: कीफ्रेमचं (आधीच्या फ्रेमवर अवलंबून नसलेल्या पूर्ण चित्राचं) अंतर. एक्स२६४ या एन्कोडिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ते मुळात २५० फ्रेमचं असतं. आपण सेकंदाला २५ फ्रेम पाठवतो, म्हणजे कीफ्रेम दहा सेकंदांपर्यंत लांबू शकते. सेगमेंट, म्हणजे व्हिडिओचा छोटा तुकडा, कीफ्रेमवरच कापता येतो, त्यामुळे सहा सेकंदांचा मागितला तरी कधी चार सेकंदांचा, कधी दहाचा तयार होतो. ५० फ्रेमवर, म्हणजे दर दोन सेकंदांनी कीफ्रेम पक्की करा आणि दृश्य बदललं की आपोआप कीफ्रेम टाकण्याची सोय बंद करा. सगळ्या दर्जांच्या कीफ्रेम एकाच क्षणी पडल्या पाहिजेत. तसं नसेल तर प्लेअर ७२० वरून ३६० वर उतरताना धक्का बसतो, आणि प्रेक्षकाच्या लेखी तेही अडकणंच.

घाटावरून चार दर्जे पाठवायचा खटाटोप करू नका. १०८० चा एकच चांगला प्रवाह सहा एमबीपीएसला वर द्या आणि बाकीचे दर्जे वरच्या सर्व्हरवर तयार करा.

प्रेक्षक वाढत गेले तसं बिघडत गेलं

हे सगळ्यात जास्त वेळा दिसणारं आणि सगळ्यात जास्त चुकीचं निदान होणारं दुखणं, म्हणून इथे जरा थांबतो.

आधी गाडा कसा चालतो ते डोळ्यांसमोर आणा. एचएलएस ही इंटरनेटवरून व्हिडिओ पोचवायची पद्धत ॲपलने २००९ मध्ये आणली आणि २०१७ मध्ये तिचा तपशील आरएफसी ८२१६ या तांत्रिक दस्तऐवजाच्या रूपात प्रसिद्ध झाला. व्हिडिओचे छोटे तुकडे पडतात, त्यांना सेगमेंट म्हणायचं. कोणते तुकडे तयार आहेत ते सांगणारी यादी म्हणजे प्लेलिस्ट. प्लेअर दर काही सेकंदांनी यादी मागवतो, नवा तुकडा दिसला की तोही मागवतो. ॲपलची शिफारस सहा सेकंदांच्या तुकड्याची आहे आणि प्लेअर साधारण तीन तुकडे मागे राहून सुरुवात करतो. म्हणून थेट प्रक्षेपण निदान अठरा सेकंद मागे असतं.

आता २०,००० प्रेक्षक धरा. दर सहा सेकंदांनी प्रत्येकाची एक यादी आणि एक तुकडा. म्हणजे सेकंदाला सुमारे ३,३३३ मागण्या यादीच्या आणि तितक्याच तुकड्यांच्या. ऑडिओ वेगळा ठेवला असेल तर त्याच्या आणखी. हा भार एकट्या ओरिजिन सर्व्हरने, म्हणजे तुकडे जिथून निघतात त्या मूळ सर्व्हरने, उचलायचाच नसतो, त्यासाठी तर मध्ये सीडीएन (ठिकठिकाणी प्रती ठेवून प्रेक्षकांना देणाऱ्या सर्व्हरचं जाळं) असतो. सीडीएनची वीस ठिकाणं आणि तुमचे चार दर्जे धरले, आणि प्रत्येक ठिकाणाने प्रत्येक तुकडा ओरिजिनकडून एकदाच नेला, तर सहा सेकंदांत ८० मागण्या, म्हणजे सेकंदाला तेरा-चौदा. इतकं काम एक साधं मशीनही करतं. ३,३३३ आणि १३ यांच्यात जो फरक आहे तो सगळा कॅशेवर, म्हणजे सीडीएनने जपून ठेवलेल्या प्रतींवर, अवलंबून आहे. गर्दीच्या दिवशी ओरिजिन कोलमडत असेल तर बहुतेक वेळा कॅशे काम करत नसते आणि इतर दिवशी कमी प्रेक्षकांमुळे ते झाकलं जातं.

तपासायला फार काही लागत नाही. लॅपटॉपवर ब्राउझरमधला नेटवर्कचा टॅब उघडा, स्ट्रीम सुरू करा आणि कोणत्याही एका सेगमेंटच्या उत्तरातले हेडर वाचा. बहुतेक सीडीएन तिथे हिट (कॅशेतून दिलं) की मिस (ओरिजिनकडून आणावं लागलं) ते लिहून देतात. आता दुसऱ्या फोनवर, दुसऱ्या खात्याने तीच स्ट्रीम लावा आणि तेच बघा. दुसऱ्याला हिट यायलाच हवं. मिस येत असेल तर दोन्ही ठिकाणचा सेगमेंटचा पत्ता शेजारी-शेजारी ठेवून अक्षर-अक्षर ताडून बघा. पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि त्यापुढे प्रत्येक प्रेक्षकाचं वेगळं टोकन (प्रवेशाची ओळखखूण) दिसलं, तर चोर सापडला. फाइल एकच, पण कॅशेच्या दृष्टीने वीस हजार प्रेक्षकांच्या वीस हजार वेगळ्या फाइली, आणि प्रत्येक मागणी थेट ओरिजिनवर. सीडीएनच्या सेटिंगमध्ये कॅशेची किल्ली ठरवताना टोकन वगळायचं, टोकनची तपासणी मात्र एजवरच, म्हणजे प्रेक्षकाजवळच्या सीडीएनच्या सर्व्हरवरच, करायची. हा बदल दहा मिनिटांचा आहे, आणि तो न करता मोठे सर्व्हर घेण्यात वर्षानुवर्षं पैसे जात राहतात.

दुसरी गोष्ट मुदतीची, म्हणजे कॅशेने प्रत किती वेळ जपायची त्याची. यादी आणि तुकडा यांना एकच मुदत लावली की बिघडतं. तुकडा एकदा तयार झाला की बदलत नाही, तो खुशाल जास्त वेळ ठेवा. यादी दर सहा सेकंदांनी बदलते, तिची मुदत दोन-तीन सेकंदांपलीकडे नको. तपासायचं असेल तर प्लेलिस्टचा पत्ता ब्राउझरमध्ये नुसता उघडा. वरच्या ओळींत मीडिया सिक्वेन्सचा आकडा असतो, समजा ४८१२. सहा-सात सेकंदांनी पुन्हा मागवा, ४८१३ दिसला पाहिजे. ओरिजिनवर ४८१५ आणि एजवर अजून ४८१२ असेल, तर प्रेक्षकाला शिळी यादी मिळते आहे. आणि ताजेपणाच्या भीतीने सगळ्याचीच मुदत शून्य केली असेल, तर सीडीएनचे पैसे भरूनही भार ओरिजिनवरच येतो.

तिसरी गोष्ट, नवा तुकडा तयार झाल्याचा क्षण. त्या क्षणी कोणत्याच एजकडे तो नसतो आणि हजारो प्लेअर तो एकाच वेळी मागतात. पहिली मागणी ओरिजिनकडे जाऊन बाकीच्यांनी तिच्या उत्तरासाठी थांबायला हवं. एन्जिनएक्स या वेब सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी प्रॉक्सी कॅशे लॉक आहे. तो मुळात बंद असतो, चालू करावा लागतो. सीडीएनमध्ये ओरिजिन शील्ड नावाची सोय असते: सगळे एज आधी एका मधल्या कॅशेला विचारतात आणि तो एकटाच ओरिजिनशी बोलतो. थेट प्रक्षेपणासाठी ही सोय घ्याच.

चौथी गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. यादीत तुकड्याचं नाव आलं, पण फाइल पूर्ण लिहून व्हायला अर्धा सेकंद उशीर झाला, तर एजला ४०४ (फाइल सापडली नाही असा नकार) मिळतो. काही सीडीएन हे नकाराचं उत्तरही दहा सेकंद जपून ठेवतात. सहा सेकंदांच्या तुकड्यावर दहा सेकंदांचा नकार म्हणजे त्या एजवरच्या प्रत्येक प्रेक्षकाचं चक्र फिरणार. चुकीच्या उत्तरांची मुदत एक सेकंदावर आणा, आणि फाइल पूर्ण लिहून झाल्यावरच यादीत नाव टाकणारा पॅकेजर (तुकडे आणि यादी बनवणारं सॉफ्टवेअर) वापरा.

याच घरातलं आणखी एक दुखणं आपल्या कामात फार वाईट दिसतं. लाइट जाते, एन्कोडर पुन्हा सुरू होतो, सेगमेंटचे आकडे पुन्हा शून्यापासून धावायला लागतात. नावं तीच. सीडीएनकडे त्या नावांचे सकाळचे तुकडे अजून पडलेले. मग संध्याकाळच्या आरतीला बसलेल्या माणसाला मधेच पहाटेची काकडआरती दिसते. सेगमेंटच्या फोल्डरच्या नावात सुरुवातीची तारीख-वेळ घाला, म्हणजे प्रत्येक सुरुवातीला नावं नवी होतील.

सर्व्हर मोकळा दिसतो, तरी लोक बाहेर पडतात

सीपीयू वीस टक्के, मेमरी अर्धी रिकामी आणि तक्रारींचा पाऊस. अशा वेळी मर्यादा कुठल्यातरी आकड्याची असते. एन्जिनएक्समध्ये एका वर्करला (काम करणाऱ्या एका प्रोसेसला) मुळात ५१२ जोडण्यांची परवानगी असते. लिनक्समध्ये एका प्रोसेसला उघड्या फाइलींची नेहमीची मर्यादा १,०२४. एरर लॉगमध्ये "टू मेनी ओपन फाइल्स" असं दिसतं, पण लॉग उघडून बघावा लागतो. फायरवॉलचा कनेक्शन ट्रॅकिंगचा तक्ता भरला की कर्नल (लिनक्सचा गाभा) गुपचूप पॅकेट टाकून देतो आणि त्याची नोंद कर्नलच्याच लॉगमध्ये सापडते.

मागच्या सर्व्हरशी प्रत्येक मागणीसाठी नवी जोडणी उघडत असाल तर पोर्टही (जोडण्यांना मिळणारे क्रमांक) संपतात. लिनक्स बाहेर जाणाऱ्या जोडण्यांना ३२७६८ ते ६०९९९ हे पोर्ट देतं, म्हणजे सुमारे २८,०००. बंद झालेली जोडणी साठ सेकंद पोर्ट अडवून बसू शकते. भागून बघा: एका मागच्या सर्व्हरकडे सेकंदाला ४७० च्या वर नव्या जोडण्या टिकणार नाहीत. अपस्ट्रीमला, म्हणजे त्या मागच्या सर्व्हरला, कीपअलाइव्ह (जोडणी उघडीच ठेवायची सोय) लावला की हा प्रश्न उरत नाही. या सगळ्या मर्यादा कार्यक्रमाच्या आधीच वाढवून ठेवा, आणि सर्व्हर रीस्टार्ट केल्यावर त्या टिकल्या आहेत का तेही बघा.

पहिली काही मिनिटं छान, मग हळूहळू चिखल

भाड्याच्या लहान मशीनच्या जाहिरातीत "दहा गिगाबिटपर्यंत" असं लिहिलेलं असतं. त्यातला "पर्यंत" महत्त्वाचा. मशीनची कायमची क्षमता बरीच कमी असते आणि साठवलेल्या क्रेडिटवर ती थोडा वेळ उसळी घेते. क्रेडिट संपलं की वेग खाली येतो. काही स्वस्त मशीनच्या सीपीयूचंही असंच असतं. पाच मिनिटांच्या चाचणीत हे कधीच कळत नाही, पाऊण तासाच्या आरतीत कळतं. वेग पडल्याची वेळ दर वेळी सुरुवातीपासून साधारण सारख्याच अंतरावर येत असेल तर संशय इथेच घ्या आणि कायमच्या क्षमतेचा आकडा विचारून मगच मशीन घ्या.

आतले बघतायत, बाहेरचे येऊ शकत नाहीत

आपण एकूण प्रेक्षकसंख्या मोजतो, पण सर्व्हरला मारते ती येण्याची गती. आरती सातला असेल तर सहा पंचावन्न ते सात-पाच या दहा मिनिटांत निम्म्याहून जास्त लोक येऊन धडकतात. प्रत्येक जण आधी पान उघडतो, लॉगिन करतो, टोकन घेतो, आणि मग कुठे व्हिडिओ. व्हिडिओ सीडीएनवरून जातो. लॉगिन आणि टोकन मात्र तुमच्या एकट्या डेटाबेसवर. म्हणून आधी आलेल्यांना चित्र स्वच्छ दिसतं आणि उशिरा आलेल्यांना पांढरं पान.

ऑटोस्केलिंग (गर्दी वाढली की आपोआप मशीन वाढवायची सोय) लावलं आहे, असं यावर उत्तर मिळतं. पण नवं मशीन उभं राहून कामाला लागायला काही मिनिटं जातात आणि लाट तेवढ्यात अंगावरून गेलेली असते. आपल्याला वेळ आधीपासून ठाऊक असते, पंचांगात छापलेली असते. मग साडेसहालाच मशीन वाढवून ठेवा आणि आठनंतर कमी करा. क्रिकेटचे सामने दाखवताना हॉटस्टारच्या इंजिनिअरांनीही गर्दीची वाट न बघता आधीच क्षमता वाढवून ठेवायचा मार्ग धरला होता. १० जुलै २०१९ ला भारत-न्यूझीलंड उपांत्य सामना एकाच वेळी २.५३ कोटी लोक बघत होते. धोनी धावबाद झाला आणि लोकांनी भराभर मागे जायचं बटण दाबलं. व्हिडिओवरचा भार उतरला, पण तो सगळा लोंढा मुख्य पानावर येऊन पडतो, आणि त्या पानामागचे सर्व्हर त्या लोंढ्यासाठी आधीच तयार ठेवावे लागतात.

आपल्याकडे आरती संपल्यावर हेच होतं. लोक मुख्य पानावर येतात, देणगीचं पान उघडतात, उद्याची वेळ बघतात. ती पानं आधीच तयार करून सीडीएनवर ठेवा, डेटाबेसला हात न लावणारी. थेट प्रक्षेपण फुकट असेल तर लॉगिन मागूच नका. नाव-नंबर गोळा करायचा मोह समजतो, पण आरतीच्या वेळी दार अडवून नोंदवही पुढे करणं बरं नाही. तो फॉर्म नंतर दाखवा.

प्रवाह एकदा तुटून परत आला की सगळे प्लेअर एकाच सेकंदाला पुन्हा धडकतात आणि नुकताच उठलेला सर्व्हर पुन्हा बसतो. प्लेअरमध्ये पुन्हा प्रयत्न करण्याचं अंतर दर खेपेला वाढवा आणि त्यात थोडा यादृच्छिक फरक ठेवा.

ठरावीक कंपनीच्याच ग्राहकांचं अडकतं

संध्याकाळी सात ते अकरा या वेळात काही लहान केबल-इंटरनेटवाल्यांची वर जाणारी वाटच भरलेली असते. त्यांच्या ग्राहकाला आपलंच नाही, सगळंच अडकत असतं. इथे आपल्या हातात थोडंच आहे: खालचा दर्जा खरोखर खालचा ठेवा. ३६० पाशीच शिडी संपवू नका. तीनशे केबीपीएसचा २४० आणि ६४ केबीपीएसचा नुसता आवाज, या दोन पायऱ्या असू द्याच. व्याख्यानमालेला तर आवाजावर समाधानी असणारे श्रोते पुष्कळ असतात.

ओरिजिन सातपूरच्या ऑफिसात ठेवू, नाशिककरांना जवळ पडेल, ही सूचना अधूनमधून येते. तिचा फायदा नाही. प्रकाश फायबरमधून मिलिसेकंदाला साधारण दोनशे किलोमीटर जातो, मुंबई अंतराच्या दृष्टीने शेजारीच आहे. ऑफिसची लाइन आणि ऑफिसची वीज मात्र डेटा सेंटरची बरोबरी करू शकत नाही. ओरिजिन मुंबईत ठेवा, आणि जमल्यास दुसरा दुसऱ्या शहरात.

आता हिशेब, कारण काही वेळा खरंच क्षमता कमी असते

वरचं सगळं तपासून झाल्यावरच क्षमतेकडे या. सर्व्हरच्या नेटवर्क पोर्टच्या वेगाच्या सत्तर टक्क्यांच्या वर जाऊ नका. प्रेक्षक मोबाइलवर असतील तर सरासरी दीड एमबीपीएस धरायला हरकत नाही. एक गिगाबिटचा पोर्ट म्हणजे ७०० एमबीपीएस, भागिले दीड, म्हणजे साधारण ४६५ प्रेक्षक. फक्त ४६५. दहा गिगाबिटवर साडेचार हजारांच्या आसपास. वीस हजारांना ३० जीबीपीएस लागतात, आणि म्हणूनच वीस हजारांचं प्रक्षेपण स्वतःच्या एका सर्व्हरवरून करायचा विचार सोडून द्यावा लागतो.

बिलाचा अंदाजही याच आकड्यांतून काढा. दीड एमबीपीएसने ४५ मिनिटं बघणारा एक प्रेक्षक सुमारे ५०० एमबी खातो. वीस हजारांचे दहा टेराबाइट होतात, एका संध्याकाळचे. सीडीएनचा दर या आकड्याला लावून समितीसमोर आधीच ठेवा. बिल आल्यावर वाद घालण्यापेक्षा ७२० हा सगळ्यात वरचा दर्जा ठेवायचा का, हे आधी ठरवलेलं बरं. माझं मत विचाराल तर आरतीला ७२० भरपूर होतं. वाचवलेले पैसे दुसऱ्या फायबरला घाला.

सेगमेंट एक-दोन सेकंदांचा करून "अगदी लाइव्ह" करण्याच्या मागे लागू नका. दोन सेकंदांच्या तुकड्याने मागण्या तिप्पट होतात आणि प्लेअरकडची शिल्लक सहा सेकंदांवर येते. मोबाइलवर इतक्या शिल्लकीत जराशी झुळूकही सोसत नाही. घाटावर उभ्या असलेल्या माणसाशी फोनवर बोलत बघणारे सोडले, तर वीस सेकंदांचा उशीर कोणाच्या लक्षातही येत नाही.

चाचणी पास, कार्यक्रम नापास

असं होत असेल तर चाचणीची रीत बघा. भार निर्माण करणारं मशीन एकच असतं, त्यामुळे आधी त्याचाच पोर्ट भरतो. ते एकच लिंक, एकच टोकन हजार वेळा मागवतं. साहजिकच कॅशे शंभर टक्के हिट देते आणि अहवाल हिरवागार येतो. खऱ्या दिवशी टोकन वेगवेगळी असतात. चाचणीत प्रत्येक नकली प्रेक्षकाला वेगळं टोकन द्या, त्यांना तासाभरात पसरून न आणता पाच मिनिटांत आणा, आणि प्रत्यक्ष कार्यक्रमाएवढा वेळ चालवा. चालू असताना ओरिजिन एकदा मुद्दाम बंद करून बघा. पर्यायी ओरिजिनवर किती सेकंदांत जातं, तो आकडा लिहून ठेवा.

मोठ्यांनाही थेट प्रक्षेपण जड जातं. नोव्हेंबर २०२४ मध्ये टायसन-पॉल मुष्टियुद्धाला नेटफ्लिक्सवर एकाच वेळी साडेसहा कोटी प्रवाह चालू होते आणि अडकण्याच्या तक्रारी जगभरातून आल्या. इंटरनेट कंपन्यांच्या घरात स्वतःची कॅशे-मशीन ठेवणारी ही कंपनी. पण चित्रपट आदल्या रात्री तिथे भरून ठेवता येतो, थेट प्रक्षेपणाचा तुकडा सहा सेकंदांपूर्वी जन्मलेला असतो.

सिंहस्थासाठी

२०१५ नंतरचा सिंहस्थ २०२७ मध्ये येतो आहे. पर्वण्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे ऐन पावसात. वैष्णव आखाड्यांचं स्नान रामकुंडावर आणि शैवांचं त्र्यंबकच्या कुशावर्तावर, म्हणून दोन ठिकाणांचे दोन स्वतंत्र प्रवाह आणि दोन स्वतंत्र अपलोड लागणार. लाट पहाटेपासून येईल आणि दिवसभर ओसरणार नाही, त्यामुळे क्रेडिटवर उसळी घेणारी मशीन इथे मुळीच चालणार नाहीत. अमेरिकेतल्या लोकांची तेव्हा आदली संध्याकाळ असेल. ते मोठ्या टीव्हीवर वरच्या दर्जात बघतील, सरासरी दीड एमबीपीएस त्यांना लागू धरू नका.

गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की गोदाघाटावर पाणी कुठवर चढतं हे दुतोंड्या मारुतीकडे बघून नाशिककर सांगतो. एन्कोडर, यूपीएस आणि फायबरची पेटी त्या पातळीच्या वर, पक्क्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर ठेवा आणि खाली फक्त कॅमेरा आणि केबल जाऊ द्या. जागेची परवानगी आणि दुसऱ्या फायबरची जोडणी या दोन गोष्टींना सर्व्हरपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. सर्व्हर आदल्या दिवशीही मिळतो, फायबरसाठी अर्ज आत्ताच द्या. आणि त्याआधी येणारी प्रत्येक एकादशी, प्रत्येक श्रावणी सोमवार हीच यादी हातात धरून चालवा, मेसेजच्या वेळा नोंदवून.